पारा उतरला तरी ऊन उतरत नाही

हुमनाबादेत उन्हाची तीव्रता आपण पाऱ्यावरून ठरवितो. माझ्या मते ही सवय अपुरी आहे. अतिनील किरणांची ऊब जाणवत नाही. आपले गाव सुमारे १७.८ उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या आरंभी. मेमध्ये आपण सावध असतो; ऑगस्टच्या गार वाऱ्यात तुरीची खुरपणी करणारी स्त्री मात्र निर्धास्त असते.

या किरणांचा निर्देशांक कॅनडाने १९९२ साली प्रथम जनतेस देऊ केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तो ३ झाला की संरक्षण हवे. ११ व त्यापुढे धोका आत्यंतिक होय. सावळ्या त्वचेत कर्करोग विरळ असला, तरी मोतीबिंदूपासून डोळ्यांना ती सावळी त्वचा वाचवीत नाही.

शेतात यंत्र नसते, पण सावली असते. ती स्वतःच्या उंचीहून आखूड झाली, की किरणे प्रखर समजावीत. तेव्हा रुंद काठाची टोपी घालावी, पदर कपाळावर पुढे ओढावा, शक्य तर झाडाखाली बसावे. रक्तदाब मोजताना एवढा सल्ला आपण प्रत्येक रुग्णास देऊ शकतो.