क्वेकरांचे मौन आणि सेवाग्राम

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत पुरोहित नाही, ठरलेली स्तोत्रे नाहीत. मंडळी साधारण तासभर गप्प बसतात. आतून उमाळा आलाच तर कुणीही, बाई असो वा पुरुष, उठून चार वाक्ये बोलते. त्यावर वाद घालायचा नसतो. शेवटी शेजाऱ्याशी हस्तांदोलन. कामकाजातही मतदान नसते, सगळ्यांना एक वाट पटेपर्यंत थांबायचे. वेळखाऊ खरे, पण हरलेला गट मागे उरत नाही.

सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सने सुरू केलेल्या या पंथाशी वर्ध्याची गाठ घातली मार्जरी साइक्स यांनी. या क्वेकर शिक्षिका वर्ध्याजवळ गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात नयी तालीमच्या, म्हणजे हस्तव्यवसायातून शिक्षणाच्या, कामात रमल्या. तिथली सर्वधर्म प्रार्थना उघड्या आकाशाखाली, जमिनीवर बसून होते. मंत्र-भजने मात्र भरपूर!