पुन्हा प्रयत्न, पण कधी?

लेखमाला : पडद्यामागचं इंटरनेट – भाग ९

माउलींची पालखी नातेपुते सोडून माळशिरसच्या मुक्कामाला निघते. वाटेत सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला गोल रिंगण होतं आणि त्या पट्ट्यातल्या मोबाइल टॉवरांवर एरवी कधी नसतो असा भार येतो. चहाच्या गाड्यावर कुणी क्यूआर कोड स्कॅन करतो, पिन टाकतो, आणि पडद्यावरचं चक्र फिरतच राहतं. साउंडबॉक्स गप्प. पैसे गेले की नाही, हे गिऱ्हाइकाला कळत नाही, चहावाल्याला कळत नाही. गंमत म्हणजे फोनमधल्या ॲपलाही कळत नाही.

टाइमआउटबद्दल गेल्या आठवड्यात वाचलंच. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, एवढंच तो सांगतो. विनंती जातानाच हरवली, की काम उरकून उत्तर परतताना हरवलं, याचा पत्ता लागत नाही. मग ॲपने तीच विनंती आपणहून पुन्हा पाठवावी का?

पिन चुकला असेल किंवा खात्यात पैसे नसतील तर पुन्हा पाठवून उपयोग शून्य. सर्व्हरने ‘४२९’ किंवा ‘५०३’ असा आकडा परत केला, तर ‘फार विनंत्या येताहेत’ किंवा ‘सध्या जमत नाही’ असा त्याचा अर्थ. अशा वेळी थांबून पुन्हा विचारणं रास्त. किती थांबायचं, हेही काही सर्व्हर सोबत कळवतात. खरी पंचाईत टाइमआउटची. खात्यातली शिल्लक दोनदा विचारली तर काही बिघडत नाही, पैसे दोनदा पाठवले तर बिघडतं. म्हणून यूपीआयमध्ये प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो. उत्तर आलं नाही तर पैसे पुन्हा न पाठवता ‘या क्रमांकाचं काय झालं?’ एवढंच विचारायचं. या विचारणेला तिथे ‘चेक ट्रान्झॅक्शन’ म्हणतात.

वरवर पाहता याहून निरुपद्रवी प्रश्न नाही. पण १२ एप्रिल २०२५च्या शनिवारी देशभर यूपीआय काही तास कोलमडलं, तेव्हा बोट याच प्रश्नाकडे वळलं. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या म्हणजे एनपीसीआयच्या तपासात दिसलं, की काही बँकांच्या यंत्रणा ‘काय झालं?’ हे सारखं विचारत होत्या, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलही. उत्तरं रेंगाळली की विचारणा वाढतात आणि विचारणा वाढल्या की उत्तरं आणखी रेंगाळतात.

गणित साधं आहे, म्हणूनच ते नजरेतून सुटतं. समजा, फोनमधलं ॲप तीनदा प्रयत्न करतं, त्यामागचा सर्व्हर त्या प्रत्येकासाठी तीनदा, आणि त्यामागची बँक पुन्हा तीनदा. गिऱ्हाइकाने बटण एकदाच दाबलेलं असतं. शेवटच्या यंत्रावर मात्र २७ विनंत्या आदळू शकतात. त्यात वैतागलेला माणूस स्वतःही बटण दाबत राहतो, तो हिशेब वेगळाच. आपोआप पुन्हा पाठवण्याचं काम साखळीत एकाच ठिकाणी असावं, असा अनुभवी अभियंत्यांचा आग्रह असतो तो यामुळे.

एनपीसीआयने त्याच एप्रिलमध्ये बँकांना बजावलं : पहिली विचारणा व्यवहार सुरू झाल्यापासून ९० सेकंदांनी, एकूण विचारणा जास्तीत जास्त तीन, त्याही शक्यतो दोन तासांच्या आत. नंतर १ ऑगस्टपासून शिल्लक तपासण्यावरही एका ॲपमधून दिवसाला ५० वेळांची मर्यादा आली. वर्तमानपत्रांत गाजली ती ही दुसरी मर्यादा. यंत्रणेच्या दृष्टीने पहिल्या नियमाचं मोल जास्त.

थांबणं मात्र सगळ्यांनी एकसारखं असून चालत नाही. एका क्षणी फसलेल्या लाखो विनंत्या बरोबर दोन सेकंदांनी परतल्या, तर दोन सेकंदांनी पुन्हा तीच झुंबड. नीरा उजव्या कालव्यावर सगळ्यांनी एकदम दारं उघडली तर टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचत नाही. तिथे पाळी लावायला पाटकरी असतो. इंटरनेटवर पाटकरी नाही. म्हणून प्रत्येक यंत्र प्रत्येक अपयशानंतर थांबण्याची कमाल मर्यादा दुप्पट करतं, एक, दोन, चार, आठ सेकंद अशी, आणि त्या मर्यादेतला नेमका क्षण जणू फासा टाकून ठरवतं. ही युक्ती ढगातल्या सर्व्हरांहून खूप जुनी. १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने रेडिओवरून संगणक जोडले, तेव्हा दोन संदेश आदळले की पाठवणारे असेच मनाला येईल तितका वेळ थांबत. ॲमेझॉनचा अभियंता मार्क ब्रूकर याने २०१५मध्ये संगणकावर नक्कल चालवून दाखवलं, की हा फासा टाकला तर एकूण विनंत्या निम्म्याहून कमी होतात.

तीन वेळा विचारूनही उत्तर आलं नाही तर? मग ॲपने ‘प्रलंबित’ म्हणून थांबावं आणि बाकीचं बँकांच्या आपसातल्या ताळमेळावर सोडावं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या नियमानुसार गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे वजा होऊनही दुकानदाराला खात्री मिळाली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशांसाठी ही मुदत एकच दिवसाची आहे.