एकशे चाळीसावा नातू

ब्युनोस आयर्स

या शहरात हरवलेला नातू सापडला की आधी त्याचा नंबर जाहीर होतो. नाव नंतर, आणि तेही त्याची इच्छा असेल तरच. 'प्लासा दे मायोच्या आज्या' या नावाची संस्था पत्रकारांना बोलावते. टेबलामागे अगदी थकलेल्या एक-दोन वृद्धा बसतात, त्यांच्या भोवती पन्नाशीला टेकलेले स्त्री-पुरुष दाटीवाटीने उभे राहतात आणि कागद वाचला जातो. जुलै २०२५ मध्ये १४० क्रमांक जाहीर झाला. या माणसाचा जन्म १९७७च्या एप्रिलमध्ये बाईया ब्लांका शहरातल्या लष्कराच्या गुप्त छळछावणीत झाला होता. आईवडिलांना उचलून नेलं तेव्हा त्याची थोरली बहीण जेमतेम वर्षाची होती. ती वाढली आजी-आजोबांकडे, आणि मोठी झाल्यावर याच संस्थेत शिरून तिने भावाचा शोध चालवला होता.

अशी पळवलेली मुलं पाचशेच्या आसपास असावीत, असा संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे साडेतीनशेहून जास्त माणसं आजही खोट्या नावाने, खोट्या जन्मतारखेने जगत आहेत. कुणी शिक्षक असेल, कुणी टॅक्सी चालवत असेल. बहुतेकांना स्वतःविषयी शंकाही आली नसेल.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. २४ मार्च १९७६ला अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली, ती १९८३च्या डिसेंबरपर्यंत सोडली नाही. त्या काळात डाव्या विचारांचे तरुण, कामगार पुढारी, विद्यार्थी, वकील रात्रीतून नाहीसे झाले. मानवी हक्क संघटना तीस हजारांचा आकडा सांगतात. लोकशाही आल्यावर नेमलेल्या सरकारी आयोगाने जवळपास नऊ हजार माणसांची नावनिशीवार नोंद केली. या दोन आकड्यांवरून इथे अजून भांडणं होतात, आणि कोण कुठला आकडा उच्चारतो त्यावरून त्याचं मत कुणाला पडलं हे ओळखता येतं.

पकडलेल्या बायकांपैकी ज्या गरोदर असत त्यांना बाळंतपण होईपर्यंत जिवंत ठेवलं जाई. मूल जन्मलं की आईची 'बदली' होई. ही बदली म्हणजे अनेकदा गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून नदीत किंवा समुद्रात फेकून देणं. नौदलाच्या यांत्रिकी शाळेत, जिला इथे सगळे 'एस्मा' म्हणतात, बाळंतपणासाठी वेगळी खोली होती. ही इमारत गावाबाहेर कुठे आडबाजूला नाही. ती रुंद, झाडांनी भरलेल्या मोठ्या रस्त्यावर आहे, आणि १९७८च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला ते मैदान तिथून जवळच आहे. मैदानातला जल्लोष आत कैद्यांना ऐकू येत होता, असं वाचलेल्यांनी साक्षीत सांगितलं आहे. आता तिथे संग्रहालय आहे आणि २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं.

मुलं कुठे गेली? बरीचशी लष्करातल्या आणि पोलिसांतल्या निपुत्रिक जोडप्यांकडे, त्यांच्या ओळखीपाळखीत. सरकारी डॉक्टर खोटा जन्मदाखला लिहून देत आणि मूल त्या घरचं पोटचं म्हणून नोंदलं जाई. 'देशद्रोह्यांच्या' पोटी जन्मलेल्यांना चांगल्या ख्रिस्ती घरांत वाढवायचं, असा त्यामागचा विचार होता. काही बाळं अनाथालयाच्या दारात पोचली आणि तिथून काहीच ठाऊक नसलेल्या जोडप्यांनी ती रीतसर दत्तक घेतली. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्यावर उभी आहे.

१९७७ मध्ये बारा बायका एकत्र आल्या. मुलगी किंवा सून गेली, हे त्यांनी मनाशी जवळजवळ मान्य केलं होतं. नातवंडं मात्र जिवंत आहेत याची त्यांना खात्री होती. जमावबंदीच्या दिवसांत भेटायचं कुठे? अल्माग्रो भागातल्या 'लास व्हिओलेतास' या जुन्या, रंगीत काचांच्या चहाघरात त्या जमत, वाढदिवस असल्याचा बहाणा करून. वेटर केक ठेवून गेला की टेबलाखालून कागद फिरत. फोनवर पोपचा उल्लेख 'गोरा माणूस' असा आणि मुलांचा 'पिल्लं' किंवा 'फुलं' असा. अनाथालयं, शाळा, बालन्यायालयं, सगळीकडे त्यांनी खेटे घातले. कुणी मोलकरीण म्हणून संशयित घरात कामाला राहिली, कुणी शाळेच्या फाटकापाशी उभं राहून चेहरा निरखला.

चेहऱ्यावरून मात्र कोर्टात काही सिद्ध होत नाही. रक्तावरून बाप ठरवता येतो, असं त्यांच्यापैकी एकीने वर्तमानपत्रात वाचलं आणि तिथून पुढचा प्रश्न निघाला: आईबाप दोघंही नसतील तर आजी-आजोबांच्या रक्तावरून नातू ठरेल का? हा प्रश्न घेऊन त्या युरोपात आणि अमेरिकेत डॉक्टरांची दारं ठोठावत फिरल्या. १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हद्दपारीत राहणारे त्यांचेच देशबांधव डॉ. व्हिक्तोर पेन्चासादे भेटले. पुढे कॅलिफोर्नियातल्या मेरी-क्लेअर किंग या तरुण संशोधिकेने गणित बसवलं. १९८४ मध्ये त्या पद्धतीने आठ वर्षांची एक मुलगी आजीकडे परत आली. तिला एका पोलीस अधिकाऱ्याने स्वतःची म्हणून वाढवलं होतं आणि तिचं वय दोन वर्षांनी कमी नोंदवलं होतं.

पुढे किंगबाईंनी आणखी एक वाट दाखवली. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचं डीएनए आईकडून मुलांकडे जसंच्या तसं जातं. त्यामुळे आईची आई, मावशी, मामा, यांतलं कुणीही एक हाताशी असलं तरी तपास पुढे सरकतो. आजोळचं एक माणूस मिळालं की पुरे. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीय जनुक-माहिती पेढी स्थापन केली आणि शोधणाऱ्या कुटुंबांचं रक्त तिथे जमा होऊ लागलं. ज्यांचं डोकं या सगळ्यामागे होतं त्या आज्यांपैकी कुणीही शास्त्रज्ञ नव्हती. बालहक्कांच्या जागतिक करारातलं आठवं कलम, म्हणजे मुलाला स्वतःच्या ओळखीचा हक्क, हेही अर्जेंटिनाच्या आग्रहाने आलं. आग्रहामागे याच बायका होत्या.

कायद्याची एक गंमत अशी. १९८६-८७ मध्ये लष्कराच्या दबावाखाली सरकारने अधिकाऱ्यांवरचे खटले गुंडाळणारे दोन कायदे केले. खून, छळ त्यात पोटात घातले गेले, पण मुलं पळवण्याचा गुन्हा वगळला. ही एवढी फट राहिली, आणि माफी मिळून घरी बसलेला हुकूमशहा व्हिदेला १९९८ मध्ये त्याच फटीतून पुन्हा तुरुंगात गेला. २०१२ मध्ये मुलांच्या पद्धतशीर चोरीबद्दल त्याला पन्नास वर्षांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी तो तुरुंगातच मेला.

इथवरची कहाणी इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे, आणि ऐकणारा सुखावतो. मला स्वतःला तिचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो. फोन येतो, रक्त जुळतं, आणि मग घरात काय होतं?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जुळ्या भावांचं प्रकरण गाजलं. त्यांना वाढवणारा पोलीस अधिकारी त्यांना घेऊन पॅराग्वेला पळाला होता. १९८९ मध्ये सगळ्यांना परत आणलं गेलं. रक्ताने ती मुलं कुणाची हे ठरलं, कोर्टाने त्यांना सख्ख्या मामाच्या घरी पाठवलं, आणि सोळा वर्षांचे ते मुलगे टीव्हीवर येऊन म्हणाले की आम्हाला आमच्या घरी जायचंय, म्हणजे त्या पोलिसाकडे. देशभर लोक हळहळले. मामा खलनायक ठरला. आज्यांच्या संस्थेला सगळ्यात जास्त शिव्या त्या दिवसांत खाव्या लागल्या असतील.

याच्या नेमकं उलट २००८ मध्ये घडलं. तिशीच्या एका तरुणीने वाढवणाऱ्या आईबापांवर स्वतः फिर्याद करून त्यांना कोर्टात खेचलं. बापाला आठ वर्षं, आईला सात वर्षं शिक्षा झाली, आणि बाळ आणून देणाऱ्या कॅप्टनला दहा. या दोन टोकांच्या मध्ये बहुतेक जण आहेत: तुरुंगात डबा पोचवणारे, आडनाव बदलून पहिलं नाव तेच ठेवणारे, दोन्हीकडचे वाढदिवस करणारे आणि कुठलाच न करणारे.

ज्यांना जाणूनच घ्यायचं नव्हतं, त्यांचं काय करायचं? यावर या देशाने दहा वर्षं वाद घातला. आपल्या रक्तामुळे आईबाप तुरुंगात जातील, म्हणून एका तरुणीने नमुना द्यायचं नाकारलं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची बाजू घेतली. दुसरीकडे शोधणाऱ्या आज्या एकेक करून मरत होत्या. शेवटी मधला मार्ग निघाला. सुई टोचायची नाही. न्यायाधीशाच्या हुकमाने घरातून दात घासायचा ब्रश, कंगवा, कपडे आणायचे आणि त्यावरचं डीएनए तपासायचं. २००९ मध्ये त्याचा कायदा झाला. देशातल्या सर्वात मोठ्या वृत्तपत्राच्या मालकीणबाईंच्या दोन दत्तक मुलांवरही हा प्रसंग आला; राजकारण पेटलं, आणि २०११ मध्ये त्यांनी दिलेले नमुने पेढीतल्या कुणाशीच जुळले नाहीत. तोवर त्या दोघांच्या आयुष्याचा चव्हाटा झालाच होता.

माझं मत विचाराल तर कायदा बरोबर आहे, पण तो निर्दय आहे हे लपवण्यात अर्थ नाही. आपला जन्म कुठे झाला हे न जाणण्याचा हक्क माणसाला असावा, हे ऐकायला सभ्य वाटतं. पण त्याच्या न जाणण्यावर दुसऱ्या एका घराचं चाळीस वर्षांचं न जाणणं अवलंबून असतं, आणि गुन्हेगाराला हवं असतं ते नेमकं हेच.

संस्थेच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोत्तो यांचा नातू ऑगस्ट २०१४ मध्ये सापडला, ११४वा. त्यांची मुलगी लाउरा हिला १९७८ मध्ये बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी मारलं गेलं होतं. नातू ओलाव्हारिया गावात पियानो शिकवत होता. शेतावर काम करणाऱ्या जोडप्याने त्याला वाढवलं होतं. शंका आल्यावर तो आपणहून तपासायला आला. आजी त्याला गीदो म्हणत आली होती, कारण लेकीने तेच नाव ठेवलं होतं. त्याने मात्र इग्नासिओ हे नाव सोडलं नाही, आडनावं तेवढी खरी घेतली, आणि वाढवणाऱ्यांनी आपल्याला प्रेमच दिलं हे जाहीरपणे सांगितलं. छत्तीस वर्षं ज्या नावाची वाट पाहिली ते नाव नातवाने घेतलं नाही, हे आजीने गिळलं. संस्थापकांपैकी चिचा मारियानी यांना तेवढंही मिळालं नाही. तीन महिन्यांच्या नातीला ला प्लाता शहरातल्या घरावर गोळीबार करून नेलं होतं. २०१५च्या नाताळात नात सापडल्याची बातमी जगभर झाली आणि एक-दोन दिवसांत डीएनएने ती खोटी ठरवली. २०१८ मध्ये चिचा चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या.

या सगळ्याची आणखी एक बाजू गेल्या काही वर्षांत उघडी झाली. २०१७ मध्ये छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांच्याच लेकी एकत्र आल्या. त्यांची संघटना म्हणते, आम्हाला बापाविरुद्ध साक्ष देऊ द्या. इथला कायदा मुलांना तशी मुभा देत नाही. एकीने कोर्टात जाऊन बापाचं आडनाव टाकलं. दुसरीच्या बापाने तुरुंगातून दावा लावला की ही नालायक आहे, हिला आईच्या इस्टेटीत वाटा मिळू नये. आपल्याकडे वाटणीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. पण त्यात वादाचा मुद्दा छळछावणी असल्याचं मी ऐकलेलं नाही.

स्पॅनिश बोलणाऱ्या बाकीच्या देशांतही अशी हरवलेली माणसं आहेत, फक्त त्यामागे अशी पेढी सगळीकडे नाही. एल साल्वादोरमध्ये यादवीत सैन्याने नेलेली मुलं शोधण्याचं काम १९९४ पासून जेझुइट पाद्री होन कोर्तीना यांनी सुरू केलेली संस्था करते. चिलीत 'बाळ मेलं' असं सांगून मुलं परदेशी दत्तक दिली गेली. ती आता अमेरिकेतून आणि स्वीडनमधून घरी चाचणीचे संच मागवून आया शोधतात. स्पेनमध्ये फ्रँकोच्या काळात प्रसूतिगृहांतून चोरलेल्या बाळांबद्दल पहिला खटला २०१८ मध्ये उभा राहिला, आणि फिर्यादी बाईंना पुढच्याच वर्षी एका खाजगी जनुक-कोशातून भावंडं सापडली, ती सांगू लागली की आईने तुला स्वखुशीने दिलं होतं. सरकारी पेढी, सरकारी वकील आणि नंतर मानसोपचाराची सोय हे तिन्ही एकत्र असणं किती मोलाचं, ते अशा वेळी कळतं.

ब्युनोस आयर्समध्येही त्याची शाश्वती उरलेली नाही. राष्ट्राध्यक्ष मिलेई यांच्या सरकारने २०२४ मध्ये या मुलांचा शोध घेणाऱ्या सरकारी ओळख-आयोगाचा विशेष तपास विभाग बंद केला, आणि २०२५ मध्ये वटहुकमाने पेढीच्या रचनेतच हात घातला. कारण खर्चकपातीचं सांगितलं जातं. संस्थेच्या कार्यकारिणीवर आता आज्यांपेक्षा नातवंडंच जास्त काम ओढतात, आणि तीच सरकारशी भांडत आहेत. १९७५ ते १९८० या काळात जन्मलेल्या आणि स्वतःविषयी शंका असलेल्या कुणीही यावं, परदेशात असाल तर वकिलातीत जावं, असं त्यांचं आवाहन चालूच आहे. अलीकडे त्यात भर पडली आहे: तुम्हाला नसेल यायचं, तर तुमच्या मुलांनी यावं. पेढीने नमुने निदान २०५० पर्यंत सांभाळावेत, असं ठरलेलं आहे.