खिडकीची जागा : आधी नकाशा, मग तिकीट

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आजीला साताऱ्याहून बंगळूरला, आमच्या एचएसआर लेआउटमधल्या घरी, घेऊन जायचं काम बाबांनी माझ्यावर सोपवलं. तिचा पहिलाच विमानप्रवास. तिची एकच मागणी होती, "वरून आपला सातारा दाखव." मी ऐटीत १४ए ही खिडकीची जागा घेतली. आजीला वाटभर दिसला तो विमानाचा पंख, आणि सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर. सातारा पलीकडच्या बाजूला राहिला. घरी पोहोचल्यावर ती सगळ्यांना सांगत होती, "पंख छान होता हो!" मला जास्तच लाज वाटली.

परतीचं तिकीट काढण्याआधी मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. नकाशा-वाचनाच्या तासाला जे शिकलो तेच इथे कामाला आलं.

पहिली गोष्ट दिशा. पुणे ते बंगळूर पट्टीने रेघ मारली तर बेअरिंग साधारण १४५ अंश येतं, म्हणजे आग्नेय. सातारा आणि सह्याद्री या रेघेच्या पश्चिमेला, म्हणजे जाताना उजव्या हाताला. मला एफ जागा हवी होती. परतीचं बॅक बेअरिंग ३२५ अंश, वायव्य. आता तोच सह्याद्री डाव्या हाताला, म्हणून ए. एकच अक्षर दोन्ही वेळा चालत नाही. अलमट्टी आणि उजनीचं पाणी बघायचं असेल, तर याच्या उलट बाजू धरावी. विमान अगदी रेघेवरून जात नाही, पण बाजू सहसा बदलत नाही.

दुसरी गोष्ट सूर्य. सकाळी पूर्वेकडच्या खिडकीत ऊन येतं आणि खालचं काही नीट दिसत नाही. सूर्य पाठीशी असला की डोंगर उजळलेले दिसतात. बंगळूरहून सकाळी निघालं तर डावी बाजू दोन्ही अर्थांनी बरी.

तिसरी गोष्ट पंख. तीन-तीन आसनांच्या नेहमीच्या विमानात साधारण दहाव्या ते विसाव्या रांगेखाली पंख येतो. त्याच्या मागे बसलं तर इंजिनाच्या गरम हवेमुळे दृश्य थरथरतं. म्हणून पंखाच्या पुढची रांग उत्तम.

चौथी गोष्ट वारा. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतं. देवनहळ्ळीच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. वारा बदलला की उड्डाणाची दिशा उलटते, त्यामुळे नंदी टेकड्या कोणत्या बाजूला दिसतील, हे आधी सांगता येत नाही. तेवढं नशिबावर सोडावं.

आम्ही ६ए आणि ६बी घेतलं. एचएसआरहून विमानतळ लांब, म्हणून पहाटे तीनलाच निघालो. दहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३५० किलोमीटर दूर असतं. रेघेपासून पन्नास-साठ किलोमीटरवरचा सातारा त्या मानाने जवळच, फक्त हवा स्वच्छ हवी. त्या दिवशी होती. तुंगभद्रेचं पाणी मागे पडलं, आणि थोड्या वेळाने डोंगरांच्या सपाट माथ्यांची रांग दिसू लागली. आजीने एका माथ्यावर बोट ठेवलं, "तो बघ अजिंक्यतारा." तो खरंच अजिंक्यतारा होता का, मी सांगू शकत नाही. मी वाद घातला नाही.

विमान खाली येऊ लागलं तेव्हा खिडक्यांचे पडदे बंद करण्याची सूचना झाली. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि तिथे फोटो काढायला मनाई आहे, असं मी आजीला हळूच सांगू लागलो. आजोबा फौजेत होते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने स्वतःच्या हाताने पडदा खाली ओढला होता.