चार वाजता मावळणारा दिवस

इंग्लंडमधील हिवाळी सहलीचा विचार थंडीपासून नव्हे, तर उजेडापासून सुरू करावा लागतो. लंडन साधारण साडेएकावन्न उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चार वाजण्यापूर्वीच मावळतो. दिवस आठ तासांचाही भरत नाही, आणि स्कॉटलंडच्या सीमेलगत असलेल्या नॉर्थम्बरलँडमध्ये तो आणखी सुमारे पाऊण तासाने आखडतो. त्याच दिवशी मुंबईकराच्या वाट्याला जवळपास अकरा तासांचा उजेड येतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक किती मोठा आहे ते कळते. शिवाय जो उजेड मिळतो तोही तिरपा असतो. भर माध्यान्हीदेखील सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर चढतो, त्यामुळे दुपारी बारा वाजताही माणसाची सावली त्याच्या उंचीच्या तिपटीहून अधिक लांब पडते.

या हिवाळ्याविषयी मराठी वाचकाच्या मनात जे चित्र असते ते बहुधा नाताळच्या शुभेच्छापत्रांवरून आलेले असते: बर्फाने झाकलेली छपरे, घसरगाडीवर बसलेली मुले, फांद्यांवर साचलेले हिम. प्रत्यक्षात इंग्लंडच्या सखल भागात बर्फ वर्षाकाठी थोडेच दिवस पडतो आणि पडला तरी फार टिकत नाही, कारण अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाह आणि त्यांच्यावरून येणारे नैर्ऋत्येचे वारे या बेटाला ऊब पुरवतात. कॅनडातील कॅल्गरी हे शहर जवळपास याच अक्षांशावर असूनही तेथील जानेवारी लंडनच्या जानेवारीपेक्षा कितीतरी कडक असतो. तेव्हा इंग्लंडचा हिवाळा पांढरा नसून ओला असतो, आणि त्याचे खरे लक्षण बर्फ नसून चिखल आहे. गमबुटाला तेथे ‘वेलिंग्टन’, आणि लाडाने ‘वेली’, असे म्हणतात. ज्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावाने हा बूट ओळखला जातो, तो म्हणजे १८०३ साली आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली होय. त्याचा मूळ बूट चामड्याचा होता, रबर पुढे आले. पण सेनापतीची कीर्ती अखेरीस शेतातला चिखल तुडवण्याच्या कामी आली, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

हिवाळ्यातली सर्वांत साधी आणि सर्वांत रुजलेली सहल म्हणजे पायी चालणे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ‘बॉक्सिंग डे’ला, जेवणाची सुस्ती उतरवण्यासाठी आबालवृद्ध चालायला बाहेर पडतात, तो तर जणू कुळाचारच आहे. या चालण्यामागे एक विलक्षण कायदेशीर व्यवस्था उभी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर लांबीच्या अशा वाटा आहेत की ज्या बहुतांशी खासगी शेतांतून, कुरणांतून आणि कधीकधी एखाद्याच्या घराला खेटूनही जातात, आणि तरीही त्यांच्यावरून चालण्याचा हक्क कोणालाही असतो. आपल्याकडच्या पाणंदीसारख्या या वाटांचा पाया मुळात वहिवाटीचा आहे. १९४९च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला आपल्या हद्दीतील वाटांचा अधिकृत नकाशा तयार करणे भाग पाडले. आणि १९८०च्या महामार्ग कायद्यानुसार एखाद्या वाटेवरून लोक सलग २० वर्षे उघडपणे व विनाअटकाव जात असतील, तर मालकाने ती वाट सार्वजनिक केली आहे असे सामान्यतः गृहीत धरले जाते. डोंगरमाळावर मोकळे हिंडण्याचा हक्क मात्र सहजासहजी मिळाला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या पठारावर, जे तेव्हा शिकारीसाठी राखून ठेवलेले होते, शेकडो तरुण कामगार मुद्दाम घुसले. त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला, आणि माळरानांवर हिंडण्याचा व्यापक हक्क कायद्यात उतरायला २००० साल उजाडावे लागले.

वाटेवर ठिकठिकाणी ‘किसिंग गेट’ नावाची फाटके लागतात, आणि त्यांची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या लहानशा कठड्यात एक फाटक असे बसवलेले असते, की ते दोन्ही बाजूंना टेकते पण पूर्णपणे उघडे कधीच राहत नाही. चालणाऱ्याने आत शिरायचे, कोपऱ्यात अंग चोरून उभे राहायचे, फाटक पलीकडे ढकलायचे आणि बाहेर पडायचे; एका वेळी एक माणूस निघतो, गायीला मात्र ते वळण जमत नाही, त्यामुळे फाटक लावायला विसरलेल्या शहरी पाहुण्यापासून शेतकऱ्याची गुरे सुरक्षित राहतात. हिवाळ्यात यातली बरीच गुरे गोठ्यात असतात आणि कुरणे रिकामी असतात, हा भित्र्या पादचाऱ्याला मिळणारा आणखी एक फायदा.

परंतु हिवाळ्यातील चालण्याचे खरे मोल त्या तिरप्या उन्हात आहे. वॉरिकशायर, लेस्टरशायर, नॉर्थॅम्प्टनशायर या मध्य इंग्लंडच्या काउंट्यांत एरवी सपाट वाटणाऱ्या कुरणांवर डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी लांबच लांब समांतर पट्टे उमटतात: एक उजळ, एक सावलीतला. हे मध्ययुगीन शेतीचे सरी-वरंबे आहेत. त्या काळचा जड नांगर माती एकाच बाजूला पलटी करीत असे. त्यामुळे शेतकरी पट्ट्याच्या मध्यापासून सुरुवात करून गोल गोल नांगरत जाई, आणि पिढ्यान्पिढ्या असे नांगरल्याने माती मध्यभागी चढत जाऊन वरंबा तयार होई. पुढे अनेक गावांतील जमीन मेंढ्यांच्या चराईखाली गेली, नांगर थांबला, आणि गवताने ते वरंबे जसेच्या तसे झाकून ठेवले. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आणि गवत गुडघ्यापर्यंत असल्यामुळे त्यांचा पत्ताही लागत नाही. पानगळ झालेली झाडे, आखूड गवत आणि खालून येणारे ऊन हे तिन्ही जुळून आले म्हणजेच पाच-सहाशे वर्षांपूर्वीचे ते शेत पुन्हा दिसू लागते. उन्हाळ्यात झाकलेले उघडे करण्याचे हे काम हिवाळा समुद्रकाठी तर अक्षरशः करतो.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट आणि पूर्व डेव्हनचा सुमारे १५० किलोमीटरचा पट्टा ‘ज्युरासिक कोस्ट’ म्हणून ओळखला जातो आणि २००१पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आहे. त्यावरील लाइम रीजिस आणि चारमथ ही लगतची दोन गावे उन्हाळ्यात आइस्क्रीम खाणाऱ्यांची असतात, तर हिवाळ्यात जीवाश्म वेचणाऱ्यांची. तेथील करडे कडे चुनखडक आणि चिकणमाती यांच्या थरांनी बनलेले असून त्यांचे वय १९ ते २० कोटी वर्षे आहे. हिवाळी पाऊस वरच्या वाळूच्या थरातून झिरपत खाली येतो, चिकणमातीवर अडतो, आणि तो थर निसरडा होऊन कड्याचा भाग चिखलाच्या लोंढ्यासारखा किनाऱ्यावर घसरतो. मागोमाग वादळी लाटा तो चिखल धुऊन नेतात. मऊ माती समुद्रात जाते, जड दगड मागे उरतात, आणि त्या दगडांतच अमोनाइट सापडतात. हे गोगलगायीसारखी वेटोळी असणारे, पण जातीने माकूळ आणि ऑक्टोपस यांच्या नात्यातील सागरी प्राणी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. चारमथचे लहान अमोनाइट पुष्कळदा लोह आणि गंधक यांच्या पायराइट नावाच्या सोनेरी खनिजाचे बनलेले असतात. बोटाच्या पेराएवढी ती वेटोळी ओहोटीच्या वेळी गोट्यांच्या फटींत चमकतात, आणि ती वेचण्यासाठी हातोडीपेक्षा वाकलेली पाठ आणि चिकाटी अधिक उपयोगी पडते.

मराठी वाचकाला ही वस्तू वाटते तितकी परकी नाही. देवघरातील शाळिग्राम, ज्याच्या अंगावरील वलयांत विष्णूचे चक्र पाहिले जाते, तो म्हणजे गंडकी नदीच्या पात्रात सापडणारा, हिमालय उंचावला जाण्यापूर्वीच्या समुद्रातला अमोनाइटच होय. सह्याद्रीचा काळा पत्थर लाव्हाचा असल्यामुळे त्यात असे सागरी जीव मिळत नाहीत. शिवाय दख्खनचा तो लाव्हा वाहिला तेव्हा अमोनाइटांचा अखेरचा काळ आला होता, म्हणजे चारमथच्या थरांपुढे सह्याद्री कोवळाच ठरतो. इंग्लंडमध्येही या दगडाभोवती श्रद्धा गुंफली गेलीच. ईशान्य किनाऱ्यावरील व्हिटबी गावात, संत हिल्डा यांनी सापांचे दगड केले अशी आख्यायिका आहे, आणि साप म्हटला की डोके हवे, म्हणून तेथील कारागीर अमोनाइटांवर सापाची तोंडे कोरून विकत असत.

लाइम रीजिसमधील मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) या सुताराच्या मुलीने हा हिवाळी उद्योग विज्ञानाच्या दारात नेऊन ठेवला. वडिलांच्या मृत्यूनंतर जीवाश्म विकून घर चालवणाऱ्या या कुटुंबात १८११ साली तिच्या भावाला एक लांब कवटी सापडली, आणि पुढच्या वर्षी उरलेला सांगाडा मेरीने शोधून काढला. तो इक्थिओसॉर या माशासारख्या सागरी सरीसृपाचा होता. १८२३ साली तिने प्लेसिओसॉरचा संपूर्ण सांगाडा उजेडात आणला. दरडी कोसळत त्याच दिवसांत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, ती काम करी, आणि त्याची किंमतही तिला मोजावी लागली: १८३३ साली तिच्याबरोबर नेहमी असणारा ट्रे नावाचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत दरडीखाली गाडला गेला. तिच्या शोधांवर विद्वानांनी निबंध वाचले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व मात्र १९१९ साली दिले.

आजही किनाऱ्यावर सुटे पडलेले जीवाश्म वेचण्यास मुभा आहे, कारण ते कोणी उचलले नाहीत तर पुढची वादळे त्यांचा चुरा करतात. कड्यात खोदण्यास परवानगी लागते, आणि शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा नमुना सापडल्यास त्याची नोंद करण्याचा संकेत आहे. खरा धोका दुहेरी असतो. वरून दरड आणि समोरून भरती. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग हे शब्द शिकवावे लागत नाहीत. पण भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि लाइम ते चारमथ हा किनारा भरतीत पार तुटतो, हे ठाऊक नसलेला पाहुणा कडा आणि पाणी यांच्यामध्ये अडकतो. म्हणून हिवाळ्यात किनाऱ्यावर जाताना दोन वेळा पाहाव्या लागतात, ओहोटीची आणि सूर्यास्ताची, आणि ज्या दिवशी त्या जुळत नाहीत त्या दिवशी घरी थांबणे शहाणपणाचे.

पूर्व किनाऱ्यावरील हिवाळी आकर्षण जिवंत आहे. नॉरफोकमधील ब्लेकनी पॉइंट आणि लिंकनशायरमधील डोना नूक येथे नोव्हेंबरपासून करड्या सील माद्या वाळूवर येऊन पिलांना जन्म देतात. डोना नूक हा मुळात हवाई दलाचा बॉम्बफेकीच्या सरावाचा किनारा. विमानांच्या आवाजाची त्या प्राण्यांना सवय झाली आहे, माणसाच्या जवळ येण्याची मात्र झालेली नाही, आणि बुजलेली मादी पिलाला टाकून जाऊ शकते, म्हणून प्रेक्षक कुंपणाच्या अलीकडेच थांबतात. पिलू जन्मतः सुमारे १४ किलोचे आणि पांढऱ्या लोकरीचे असते. निम्म्याहून अधिक स्निग्धांश असलेल्या दुधावर ते साधारण तीन आठवड्यांत तिप्पट होते. त्या काळात आई काही खात नाही. ती रोडावते, पिलू फुगते, आणि एके दिवशी ती समुद्रात निघून जाते.

नैर्ऋत्येकडील सॉमरसेटमध्ये, पीट नावाची जळाऊ माती काढून झालेल्या खड्ड्यांच्या आता बोरूच्या पाणथळी झाल्या आहेत, आणि तेथे थंडीत लाखो स्टार्लिंग रात्रीच्या मुक्कामाला येतात. हा मैनेच्या कुळातला पक्षी. ज्वारीच्या दिवसांत महाराष्ट्रात येणाऱ्या भोरड्यांचा जवळचा भाऊबंद, आणि भोरड्यांचे वळणारे थवे पाहिलेल्याला हे दृश्य ओळखीचे वाटेल. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास लहान लहान टोळ्या जमू लागतात, आकाशात धुरासारखा एकच आकार ताणतो, आवळतो, दुमडतो. रोममधील थव्यांच्या अभ्यासातून असे दिसले की प्रत्येक पक्षी संपूर्ण थव्याकडे नव्हे, तर आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडेच लक्ष ठेवतो. मग कोणी नळ सोडावा तसा सारा थवा बोरूत ओतला जातो, आणि काही मिनिटे केवळ कलकलाट उरतो.

एवढ्यात अंधार पडतो आणि बहुतेक सहली येथेच, म्हणजे शेकोटी पेटवलेल्या एखाद्या गावठी पबमध्ये, संपतात. याच सॉमरसेटमध्ये एक सहल मात्र अंधार पडल्यावर सुरू होते. सफरचंदापासून सायडर नावाचे मद्य बनवणाऱ्या या मुलखात जानेवारीत ‘वासेल’ हा बागेचा विधी होतो; १७५२ साली इंग्लंडने दिनदर्शिका बदलून ११ दिवस गाळले, ते काही गावांनी मनावर घेतले नाही, आणि कारहॅम्पटनसारख्या ठिकाणी तो अजून जुन्या हिशेबाने १७ जानेवारीला साजरा होतो. मशाली घेऊन लोक सर्वांत जुन्या झाडाभोवती उभे राहतात, मुळाशी सायडर ओततात, वाईट शक्ती पळाव्यात म्हणून भांडी बडवतात आणि फांद्यांतून बंदुकीचे बार काढतात. सायडरमध्ये भिजवलेला पावाचा भाजलेला तुकडा फांदीच्या बेचक्यात ठेवला जातो. तो रॉबिन पक्ष्यासाठी असतो, आणि सकाळी आठनंतर, उजाडल्यावर, रॉबिन तो खातोही.