तापल्यावर गप्प होणारी टकटक

धर्माबादच्या मिरची बाजारावरून मोटार नेली की काचा वर असल्या तरी ठसका लागतोच. नाक झोंबते, डोळ्यांत पाणी येते, माणूस आपोआप मागे सरतो. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड असा इशारा देत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो; आधी डोके जड होते, मळमळते, मग गुंगी येते. हा वायू बंदिस्त ठेवून गाडीच्या मागच्या टोकाला सोडण्याची जबाबदारी सायलेन्सरच्या नळ्यांची आणि त्यांच्या सांध्यांमधल्या एक्झॉस्ट गॅस्केटची, म्हणजे गॅरेजातल्या ‘पॅकिंग’ची.

पहिले पॅकिंग इंजिनाचे हेड आणि सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्या मधे बसते. पोलादी पत्र्याचे थर, क्वचित त्यात ग्राफाइट, अशी त्याची घडण. ते चिकटत नाही. बोल्टांच्या दाबाखाली चेपले जाऊन दोन पृष्ठभागांमधली फट बुजवते. त्याची खरी कसोटी उष्णता घेते. बहुतेक गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचे असते आणि आत कूलंट खेळत असल्याने शंभर अंशांच्या आसपास राहते. शेजारचा बिडाचा मॅनिफोल्ड मात्र चढावर, भरल्या गाडीत पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापतो. 40 सेंटिमीटर लांबीचा बिडाचा तुकडा पाचशे अंशांनी तापला तर सुमारे 2 मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच लांबीचे हेड सत्तर-ऐंशी अंशांनी तापून पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे गाडी तापताना आणि निवताना दोन्ही धातू एकमेकांवर सरकतात आणि पॅकिंग मधे घासले जाते. वर्षानुवर्षे हे चालले की त्याची लवचिकता जाते, कडा जळतात, कधी मॅनिफोल्डच वाकतो, कधी स्टड तुटतो. खराब रस्त्यावर सायलेन्सरचे लटकते रबर तुटले तर नळीचा सगळा भार पुढच्या सांध्यावर येतो आणि तिथले पॅकिंग आधी जाते.

बिघाडाची पहिली खूण कानाला कळते. हिवाळ्याच्या सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टक-टक-टक ऐकू येते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला 900 फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साडेसात वेळा धूर बाहेर टाकतो. एका सिलिंडरजवळचे पॅकिंग फाटले असेल तर टकटकही त्याच लयीत होते. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटचा आवाजही नेमका याच लयीचा, म्हणून दोहोंत गल्लत होते. फरक असा, की ॲक्सिलरेटर दाबून इंजिनावर भार टाकला की गळतीचा आवाज वाढतो. आणि धातू तापून फुगला, फट मिटली की तो कमी होतो किंवा थांबतो. गाडी आपणच बरी झाली, असे मालकाला वाटते. खरे तर आवाज थांबणे हीच गळतीची खूण.

दुसरी खूण डोळ्यांना दिसते: सांध्याच्या कडेने पंख्यासारखी पसरलेली काजळी. तिसरी ॲव्हरेजमध्ये उतरते. एक्झॉस्टमधला दाब धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधे दाब उतरला की त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हवा मोजतो, संगणकाला पेट्रोल कमी पडतेय असे वाटते, तो जास्त पेट्रोल सोडतो. पीयूसी तपासणी मागच्या टोकाला होते. मॅनिफोल्डपाशी निसटलेला, विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून न गेलेला धूर तिच्या हिशेबात येत नाही. तो बॉनेटखालून एसीच्या हवेबरोबर आत शिरू शकतो. डिसेंबर 2024 मध्ये केरळमधल्या वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत साचला होता. तिथे दोष पॅकिंगचा नव्हता, पण बंद जागेत हा वायू काय करतो ते त्यातून दिसले. गाडीत डोके दुखू लागले आणि बाहेर उतरल्यावर थांबले, तर काचा उघडा आणि गाडी थेट गॅरेजात न्या.

पॅकिंग बदलायचे ते इंजिन पूर्ण निवल्यावरच. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढतात, मग उष्णतारोधक पत्रा. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ते मुरू देतात. घाई केली तर स्टड हेडमध्येच तुटतो आणि अर्ध्या दिवसाचे काम दोन दिवसांवर जाते. जुन्या पॅकिंगचा कीस खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडा पडू देत नाहीत. सरळ पट्टी लावून मॅनिफोल्ड वाकलाय का ते पाहणे फार महत्त्वाचे, कारण वाकलेल्या तोंडावर नवे पॅकिंगही टिकत नाही. जुने एकदा चेपलेले असते, ते परत वापरायचे नसते. साधे सिलिकॉन सीलंट तर लावूच नये. ते तिथल्या उष्णतेत टिकत नाही, आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. नट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळतात. अंदाजाने आवळले तर कुठे आटे जातात, कुठे फट राहते.

गळती तपासायची सोपी युक्ती म्हणजे थंड इंजिनाच्या सांध्यावर साबणाचे पाणी फवारून गाडी सुरू करणे. फुगे आले तिथे फट. पण तापल्या गाडीत ना फुगे, ना आवाज, आणि आपण तर गाडी चालवतच गॅरेजला जातो. म्हणून मिस्त्रीकडे गाडी आदल्या संध्याकाळीच सोडावी आणि त्याला एवढेच सांगावे, की सकाळी पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा बॉनेट उघडून उभे राहा.