सावलीतली रानहळद

आमच्या इमारतीच्या मागे, कुंपणाची भिंत आणि जिना यांच्या मध्ये, जेमतेम चार फूट रुंदीची एक पट्टी आहे. शेजारच्या आवारातल्या आंब्याची फांदी वर आलेली, त्यामुळे सकाळचे दोन तास सोडले तर तिथं ऊन नाही. त्या पट्टीत गुलाब लावून झाला, शेवंती लावून झाली, कुणीतरी हौसेनं मोगराही आणला. सगळी झाडं लांबोडकी वाढली, पण फुलली नाहीत. मग ‘इथं काही येत नाही’ असं ठरलं आणि ती जागा फुटक्या कुंड्या आणि मोडक्या सायकलींना मिळाली.

तुमच्याही घरी अशी एखादी जागा असेल. उत्तरेकडची बाल्कनी, मागचा बोळ, मोठ्या झाडाखालचं अंगण. फुलझाडं म्हणजे ऊन हवंच, हा समज आपल्याला रोपवाटिकेनं दिला आहे, कारण तिथं विकली जाणारी बहुतेक झाडं उघड्यावरची आहेत. सह्याद्रीतलं जंगल मात्र वेगळं सांगतं. पावसाळ्यात कुठल्याही घाटात झाडांच्या खाली पाहा. वर पानांचं छत गच्च झालेलं असतं आणि खाली त्याच अंधूक उजेडात रानहळद फुललेली असते.

रानहळद हे नाव आपल्याकडे एकाच झाडाला नाही. हळदीच्या कुळातल्या तीन-चार जंगली जातींना लोक हेच नाव देतात. मी सांगते आहे ती ‘करकुमा स्यूडोमोंटाना’, भारताच्या द्वीपकल्पाबाहेर जी नैसर्गिकरीत्या आढळत नाही. पानं हळदीसारखीच, रुंद आणि ठळक शिरांची. त्यांच्या मधून दांडा वर येतो आणि त्याच्या शेंड्याला गुलाबी-जांभळा तुरा असतो. लांबून पाहणाऱ्याला तेच फूल वाटतं. ते फूल नव्हे, रंगीत पानं आहेत, शास्त्रीय भाषेत सहपत्रं. कीटकांना लांबून बोलावणं हे त्यांचं काम. खरी फुलं खालच्या हिरव्या सहपत्रांच्या खिशांतून एकेक करून डोकावतात, झळझळीत पिवळी. एक फूल फार टिकत नाही, पण रोज नवी येत राहतात, त्यामुळे तुरा बरेच दिवस शोभतो.

या जातीला शास्त्रीय नाव दिलं जॉन ग्रॅहम यानं. हा गृहस्थ वनस्पतींचा प्राध्यापक नव्हता, मुंबईच्या टपाल खात्यात अधिकारी होता. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्यानं केलेली यादी १८३९ साली प्रसिद्ध झाली. पुस्तक छापून पुरं होण्याआधीच, त्याच वर्षी, तो खंडाळ्यात वारला आणि राहिलेलं काम त्याच्या मित्रानं तडीस नेलं. महाबळेश्वर आणि कासकडे दिसणाऱ्या ‘चवर’चं, म्हणजे पांढरट तुऱ्याच्या रानहळदीच्या बहिणीचं शास्त्रीय नावही त्याचंच.

आता मुद्द्याचं. सावलीत फुलं येतात कशी?

इंटरनेटवर ‘सावलीतली रानफुलं’ शोधली की युरोप-अमेरिकेतल्या बागांचे सल्ले मिळतात. तिथली जंगलातली बरीच फुलं वसंत ऋतूच्या सुरुवातीला, झाडांना पालवी फुटण्याआधी उमलतात. वरचं छत बंद व्हायच्या आत मिळेल तेवढं ऊन घ्यायचं आणि काम उरकायचं. तिथली अडचण उजेडाची आहे. आपल्या पानझडी जंगलात हे गणित उलटं. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवर ऊन भरपूर असतं, पण थेंबभर पाणी नसतं. पाणी येतं जूनमध्ये आणि तोवर वरची झाडं पानांनी भरून गेलेली असतात. म्हणजे पाणी हवं तर सावली सोसायलाच हवी. रानहळदीनं ती सोसायचं तंत्र साधलं आहे. रुंद, पातळ पानं पसरून कमी उजेडातून जास्तीत जास्त अन्न तयार करायचं, ते जमिनीखालच्या कंदात आणि मुळांच्या टोकांना असलेल्या फुगीर गाठींत साठवायचं आणि पाऊस संपला की वरचं सगळं सोडून देऊन झोपी जायचं. पुढच्या वर्षीचा पहिला कोंब या साठ्यावरच वर येतो.

एवढं नीट समजलं असतं तर माझी पहिली रोपं मेली नसती. एका परिचितांच्या बागेतून दोन गड्डे आणून मी मोठ्या प्रेमानं लावले. ऑगस्टात तुरेही आले. ऑक्टोबर संपता संपता पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा मला वाटलं पाणी कमी पडतंय. मी पाणी वाढवलं. पानं आणखी पिवळी पडली, मी शेणखत घातलं. डिसेंबरात वर काहीच उरलं नाही, तरी आशेनं एक दिवसाआड तांब्याभर पाणी घालतच होते. जूनमध्ये उकरून पाहिलं तर हाताला कुजकट वासाचा लगदा लागला. हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पाणी साचलेल्या जमिनीतली कंदकूज त्याच्या चांगली ओळखीची असते. ती घडवून आणणारे पिथियमसारखे सूक्ष्मजीव ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत फोफावतात. झोपलेल्या कंदाला पाणी पाजणं म्हणजे त्यांना आवतण देणं.

तेव्हापासून मी पंचांग बदललं. मे अखेरीस किंवा मृगाचा पहिला पाऊस पडला की लागवड. कंद दोन-अडीच इंच खोल, डोळे वर. कुंडी उंच असण्यापेक्षा पसरट असावी, बारा इंचांची चालते, आणि तळाची भोकं उघडी आहेत ना हे पाहावं. माती नुसती काळी नको. निम्मी बागेतली माती, उरलेल्यात कुजलेला पालापाचोळा आणि थोडी जाडी वाळू किंवा विटांचा चुरा. जंगलातली जमीन आठवली की प्रमाण आपोआप कळतं. तिथं वर पाचोळ्याचा थर असतो आणि खाली दगड-मुरूम, म्हणून घाटातला धो धो पाऊस झेलूनही कंद पाण्यात उभा राहत नाही. रासायनिक खताची गरज मला कधी पडली नाही. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन असेल तर तुरे चांगले येतात. ठार अंधाऱ्या कोपऱ्यात पानं येतील, फुलांची खात्री नाही. दुपारचं कडक ऊन मात्र पानांच्या कडा करपवतं.

गणपती होऊन पाऊस ओसरला की पाणी कमी करत न्यायचं. पानं पिवळी पडली की पूर्ण बंद. वाळलेली पानं ओढून काढू नका, आपोआप सुटू द्या, त्यांच्यातलं अन्न खाली जात असतं. कुंडी पावसाच्या आणि नळाच्या वाटेतून बाजूला ठेवायची ती थेट उन्हाळा संपेपर्यंत. दोन-तीन वर्षांनी कुंडी कंदांनी भरते, तेव्हा लागवडीच्या वेळी गड्डा सोडवून वाटून द्यावा.

एखाद्या सकाळी पान गुंडाळलेलं दिसेल. आत अळी असते, बहुधा ‘ग्रास डेमन’ या फुलपाखराची. काळसर पंखांवर मोठा पांढरा ठिपका असलेलं हे फुलपाखरू हळद-आल्याच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. दोन-चार पानं गेली तरी झाडाचं काही बिघडत नाही. फवारणीचा पंप तेवढ्यासाठी काढू नये. फुलपाखरं हवीत आणि अळ्या नकोत, असं कसं चालेल?

सावलीच्या बागेत खरी काळजी घ्यायची ती वेगळ्याच किड्याची. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं स्वच्छ पाणी, वर गर्द सावली, जवळपास माणसांची वस्ती. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला याहून चांगली जागा सापडायची नाही. अंड्यापासून डास व्हायला पावसाळी हवेत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा, वार ठरवून, सगळ्या ताटल्या रिकाम्या करायच्या आणि नुसत्या ओतायच्या नाहीत, आतून घासायच्या. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुढच्या पावसाचं पाणी लागलं की त्यातून अळ्या निघतात. मी तर ताटल्याच काढून टाकल्या आणि कुंड्या विटांवर ठेवल्या.

गेल्या श्रावणात तुरे आले तेव्हा शेजारच्या काकू पाहायला आल्या. फुलं पाहून झाल्यावर म्हणाल्या, “अगं, रानातली हळद म्हणजे अस्सल की! एखादा तुकडा दे ना. दुधात उगाळून घेते, गुडघ्यांना बरं पडेल.” काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. हृदयविकारानंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. मी नाही म्हटलं आणि त्या थोड्या रुसल्याच.

त्यांना जे सांगितलं तेच इथं सांगते. आपल्या स्वयंपाकघरातली हळद, ‘करकुमा लोंगा’, ही शेतातच वाढणारी जात आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसानं कंदांपासून लावत आणलेली, खाऊन पारखलेली. तिच्यात कुरकुमिन साधारण २ ते ५ टक्के असतं. रानातल्या बहिणींची रसायनं वेगळी, प्रमाणं वेगळी. ‘रानातलं’ म्हणजे ‘जास्त गुणकारी’ हा आपला लाडका गैरसमज आहे. घरच्या हळदीबाबतसुद्धा फोडणीत पडणारी चिमूट आणि औषध म्हणून घेतलेली तीव्र अर्काची गोळी यांत फरक आहे. अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अमेरिका आणि इटलीत नोंदली गेली आहेत. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे अर्क घेऊ नयेत.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. पानं गळून गेल्यावर जमिनीतला कंद कशाचा आहे हे ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. जिथं रानहळद येते, त्याच जंगलाच्या कडेला कळलावीही येते. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं असलेली ती वेल दिसायला देखणी, पण तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे विष असतं. कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. तो पोटात गेला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, मध्ये थोडं बरं वाटल्यासारखं होतं आणि पुढच्या दिवसांत एकेक अवयव निकामी होत जातो. अशा वेळी घरगुती उतारा शोधण्यात वेळ घालवू नये. उरलेला कंद किंवा वेलीचा तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावं. जंगलात राहणारी माणसं रानकंद खातात हे खरं, पण कुठला, कधी खणलेला आणि किती उकळून, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. आपल्याला नसतं.

काकूंना मी रानहळदीऐवजी घरच्या हळदीची एक कुंडी भरून दिली. तीही अर्धवट सावलीत छान येते आणि पातोळ्यांना पानं मिळतात. मात्र दोन्ही शेजारी शेजारी लावणार असाल तर कुंड्यांवर नावं लिहून ठेवा. नुसत्या पानांवरून घोटाळा होतो.

राहिला प्रश्न रोप आणायचं कुठून. सहलीला जाऊन खुरप्यानं उपटून आणायचं नाही, हे पहिलं. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय झाड काढणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी फुलावर असलेलं झाड उपटून आणलं की ते बहुधा जगत नाही. वर्षभराचा साठा त्यानं नुकताच तुऱ्यावर खर्च केलेला असतो आणि मुळांच्या गाठी ओढताना तुटून मागेच राहतात. जंगलातही जागा रिकामी होते आणि कुंडीतही. देशी झाडं वाढवणाऱ्या रोपवाटिकांत विचारा, किंवा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून मेमध्ये गड्डा मागून घ्या. रोपवाटिकेत एक प्रश्न जरूर विचारावा, ‘तुम्ही वाढवलंय की रानातून आणलंय?’ पिशवीत लाल घाटमाती आणि मोडलेली मुळं दिसली तर उत्तर ऐकायची गरज नाही. आणि नुसतं ‘करकुमा’ म्हणून मागितलंत तर गुलाबी कमळासारखं एक झाड हातात ठेवतील. तेही सुंदर आहे, पण ते थायलंडकडचं. त्याला ऊन लागतं.

हे लिहितेय तेव्हा मागच्या पट्टीतल्या सहा कुंड्यांत वरून काहीच दिसत नाही. झाडलोट करणाऱ्या मावशींनी रिकाम्या समजून दोनदा माती ओतायला काढल्या होत्या. म्हणून आता प्रत्येकीवर पाटी लावली आहे : ‘झोपली आहे. पाणी घालू नये.’